कोरड्या आभाळाचं माप

मोहदऱ्याच्या तलावावर पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची. पाऊस पडो की न पडो, साडेआठला तारेच्या कुंपणाचं फाटक उघडायचं, पर्जन्यमापकावरचं पितळी काठाचं नरसाळं काढायचं, खालची बाटली उचलून काचेच्या मोजपात्रात ओतायची आणि येईल तो आकडा नोंदवहीत लिहायचा. पाणी नसेल तर शून्य लिहायचं, पण लिहायचं. हरिसिंग राठोड एकोणीस वर्षं हे काम करत होता.

पुसदच्या पुढे डोंगरात शिरलं की हा तलाव लागतो. तलावाच्या पाळीवर दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर आणि त्याच्या बाजूला ते कुंपण. आत चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, तिच्यात थर्मामीटर. एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पंखा. पाण्याची वाफ किती झाली ते मोजायचं एक उघडं पातेलं, पाखरांनी तोंड घालू नये म्हणून जाळीने झाकलेलं. बायको बसंतीबाई मुलाकडे पुसदला राहायची. हरिसिंग एकटाच असायचा, आणि त्याला ते बरं वाटायचं. यंत्रं काही विचारत नाहीत.

त्या वर्षी जून सरत आला तरी आभाळात ढग नव्हता. लोकांनी कोरड्या मातीतच कपाशी टोचून ठेवली होती आणि रोज सकाळी डोळ्यांवर हात धरून वर बघत होते. अशात एका सकाळी यवतमाळहून जीप आली. जीपमधून समीक्षा नावाची पंचवीस-सव्वीस वर्षांची तंत्रज्ञ मुलगी उतरली. तिने दिवसभर खपून कुंपणात एक नवं यंत्र उभं केलं. त्याला सौरपट्टी होती, आकडे ते आपलं आपण मोबाइलवर पाठवायचं.

"काका, आता तुमचा त्रास संपला," ती हात पुसत म्हणाली. "पंधरा दिवस जुन्याचा आणि नव्याचा आकडा सोबत लिहायचा. दोन्ही जुळले की जुनं सामान मी घेऊन जाते."

"जुळतीलच," हरिसिंग म्हणाला. "शून्याले शून्य जुळाले काय लागते?"

ती हसली. रात्री गावातल्या सरपंचांकडे मुक्काम करून सकाळी पुन्हा आली. साडेआठ वाजले. हरिसिंगने नरसाळं काढलं, बाटली उचलली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. बाटली जड होती.

"पाणी आहे याच्यात?" समीक्षा वाकली.

"नसलं पायजे."

तिने बाटली त्याच्या हातातून घेतली, मोजपात्रात ओतली, डोळ्यांच्या पातळीवर धरली. "साडेचार मिलिमीटर." मग मोबाइल काढला. "नवं यंत्र शून्य दाखवतंय. काका, बाटली धुवून तशीच ठेवली होती का?"

"हो... हो. तसंच झालं असन," हरिसिंग म्हणाला.

त्याने बाटली धुतली नव्हती. उन्हाळाभर ती रोज कोरडीच निघत होती, धुवायची गरजच पडली नव्हती. पण त्याला हादरवलं ते पाण्याने नाही, आकड्याने. चार-पाच मिलिमीटर. हे शब्द त्याने एकदा तोंडाने उच्चारले होते, तीन वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर त्याची झोप पहिल्यासारखी राहिली नव्हती.

*

तलावाखाली दोन किलोमीटरवर पिंपळदरी गाव. गाव आणि शाळा यांच्या मधून नाला जातो, त्याच्यावर रपटा, म्हणजे पुराचं पाणी वरून जाईल असा बसका सिमेंटचा पूल. गावातली मैनाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तलावाचा सांडवा वाहू लागला की तासा-दीड तासाने ते पाणी रपट्यावर पोचतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पावसाळ्यात घराबाहेर पडण्याआधी ती हरिसिंगला फोन करायची. "हरिसिंगभाऊ, नाला कसा हाय?" तो आकडा सांगायचा, ये म्हणायचा किंवा थांब म्हणायचा. चार वर्षं हे असं चाललं. ती आकड्यावर विश्वास ठेवायची, पंचांगावर ठेवावा तसा.

त्या ऑगस्टात हरिसिंग आदल्या दिवशी पुसदला गेला होता. नातवाचं जावळ काढलं, बोकड कापला होता, रात्री उशिरापर्यंत पंगत चालली. सकाळी निघायचं होतं, पण डोळा उघडला तेव्हा साडेआठ होत होते आणि उशीजवळ फोन वाजत होता.

"हरिसिंगभाऊ, नाला कसा हाय?"

पुसदला बारीक भुरभुर होती. त्याने अंथरुणातूनच खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "काई नाई. चार-पाच मिलिमीटर. आत्ताच मोजलं, मापकापाशीच उभा हावो. ये बिनधास्त."

तो दुपारी तलावावर पोचला तेव्हा सांडवा गर्जत होता. बाटली काठोकाठ भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरलं होतं. त्याने ते मोजपात्राने मोजलं. दहा-दहा मिलिमीटरची एकवीस मापं आणि वर थोडं. दोनशे बारा पूर्णांक चार. मैनाबाई तिसऱ्या दिवशी सहा किलोमीटर खाली, एका बाभळीच्या बुडाशी सापडली.

चौकशीला साहेब आले तेव्हा नोंदवहीत साडेआठच्या रकान्यात दोनशे बारा पूर्णांक चार लिहिलेलं होतं. आणि हरिसिंगने सांगितलं होतं, "मी तिले येऊ नको म्हनलं, साहेब. दोनदा म्हनलं. आयकलं नाई तिनं."

मेलेलं माणूस उलट बोलत नाही. सगळ्या गावाने मान हलवली. हट्टी होती बाई, हरिसिंगभाऊ सांगत होता तरी गेली. तिचा नवरा बापूजी तर दर पोळ्याला येऊन हरिसिंगच्या हातात नारळ द्यायचा. "तुमी तं सांगतलं होतं, भाऊ. आमचंच नशीब." हरिसिंग तो नारळ घ्यायचा. तीन नारळ घेतले त्याने. एकही फोडला नाही, तलावात सोडून दिले.

*

समीक्षा यवतमाळला परत गेली. रोज सकाळी जुन्या मापकाचा आकडा हरिसिंगने मोबाइलवर पाठवायचा, असं ठरलं.

दुसऱ्या सकाळी बाटलीत अकरा मिलिमीटर होतं.

हरिसिंगने वर पाहिलं. आभाळ भाजलेल्या तव्यासारखं पांढरं. पायाखालची माती इतकी कोरडी की चालताना धुरळा उडावा. जाळीखालच्या पातेल्यातलं पाणी उलट बोटभर कमी झालं होतं. त्याने बाटली मातीवर रिकामी केली. माती ते पाणी लगेच प्यायली, पण एक वास तेवढा राहिला. नाल्याला पूर आला की येतो तो, कुजलेल्या पाल्याचा आणि गाळाचा.

त्याने नोंदवहीत शून्य लिहिलं. समीक्षाला शून्य पाठवलं. तिचं उत्तर आलं, "छान, जुळलं."

तिसऱ्या दिवसासाठी त्याने आदल्या संध्याकाळीच बाटली कोरडी पुसली, नरसाळ्याच्या तोंडावर ताटली झाकली आणि वर दगड ठेवला. फाटकाला कुलूप लावलं. किल्ली बनियनच्या खिशात ठेवून झोपला. सकाळी ताटली तशीच, दगड तसाच, कुलूप तसंच. बाटलीत अठ्ठावीस मिलिमीटर, आणि पाणी आता गढूळ.

त्याने पुन्हा शून्य लिहिलं. लिहिताना पेन दोनदा कागदात रुतलं.

चौथ्या दिवशी साठ झालं. मोजपात्राच्या तळाशी काहीतरी बसलेलं दिसलं म्हणून त्याने ते तळहातावर ओतलं. शिजलेल्या भाताचा एक दाणा होता तो, हळदीने पिवळा झालेला. दाणा अजून मऊ होता. कोमट होता. हरिसिंगने हात झटकला आणि कितीतरी वेळ पँटीला पुसत राहिला.

त्याच दुपारी बापूजी म्हशी घेऊन तलावावर आला. म्हशी पाण्यात बसल्या तसा तो पाळीवर हरिसिंगजवळ टेकला. बापूजी बोलायला हळू माणूस. बराच वेळ तो तंबाखू मळत राहिला.

"सोनूले काम भेटलं, भाऊ," शेवटी तो म्हणाला. सोनू ही त्याची एकुलती मुलगी, विशीतली. "शाळेतलं. तिच्या मायचंच काम."

"खिचडीचं?"

"हो. सोमवारपासून जाईन. मी नाई म्हनत होतो. पन पोरगी म्हने, मायनं हट्ट केला, मी कायले करीन? मी हरिसिंगकाकाले इचारून जात जाईन." त्याने तंबाखू ओठाखाली सरकवली. "तुमचा नंबर देल्ला तिले. तुमी सांगान तसंच करन ती."

 आत्ता सांगावं. आत्ता, इथं, म्हशींसमोर. ओठ उघडलेही.

"काय भाऊ? काई म्हनलं?"

"नाई," हरिसिंग म्हणाला. "ऊन लय हाय."

पाचव्या दिवशी एकशे अठरा. रविवारी एकशे सत्तर. त्या दिवशी त्याने समीक्षाला फोन लावला आणि जुनं यंत्र आजच घेऊन जा म्हणून गयावया केली. ती म्हणाली, "काका, आकडे रोज जुळतायत की. पंधरा दिवस पूर्ण होऊ द्या. काही अडचण आहे का?"

"पानी येते त्याच्यात."

"कुठून? तुम्ही तर शून्य पाठवताय."

हरिसिंगने घाईघाईने फोन ठेवला. 

*

सोमवार उजाडला. हरिसिंग सातपासूनच कुंपणात येऊन बसला होता. वारा नव्हता. खांबावरचा पंखा दक्षिणेकडे, पिंपळदरीच्या दिशेने तोंड करून स्थिर होता. पाखरंही नव्हती. आठ वाजता त्याला राहवलं नाही. त्याने नरसाळं काढलं.

बाटली काठोकाठ भरली होती आणि पाणी बाहेरच्या डब्यात उतरलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला आणि मोजू लागला. एक माप, ओतलं. दोन, ओतलं.  बाराव्याला लाल गाळ आला. पाणी थंडगार होतं, आणि त्या जळत्या सकाळी त्याच्या मनगटांवर काटा उभा राहिला. वीस. एकवीस. शेवटचं माप त्याने डोळ्यांसमोर धरलं नाही. ते दोन पूर्णांक चार असणार हे त्याला माहीत होतं. तरी एकोणीस वर्षांची सवय. त्याने पाहिलं. तेवढंच होतं.

फोन वाजला.

आठ वाजून पंचवीस. नंबर ओळखीचा नव्हता. सोनूचा नंबर त्याने घेतलाच नव्हता.

"हॅलो..."

पलीकडून आधी नुसता आवाज आला. दूर कुठेतरी दगडांवरून पाणी उतरावं तसा. मग बाईचा आवाज. ना काका, ना नमस्कार.

"नाला कसा हाय?"

हरिसिंगने खाली पाहिलं. पाळीवरून नाला दिसत होता. दगड, वाळू आणि मेलेलं गवत. थेंब नव्हता. ये म्हणायला काहीच हरकत नव्हती. येऊ नको म्हटलं तर पोरगी हसली असती.

"येऊ नको," तो म्हणाला.

"काहून?"

"पानी हाय."

"किती?"

"दोनशे बारा."

पलीकडे पाण्याचा आवाज थोडा वाढला. "तुमी मोजलं?"

"मोजलं. आत्ताच मोजलं. मापकापाशीच उभा..."

आणि इथे हरिसिंगची जीभ थांबली. तेच शब्द होते. त्याच क्रमाने, त्याच सुरात. फक्त या वेळी ते खरे होते. तो कुंपणाच्या खांबाला पाठ टेकून खाली बसला. तीन वर्षं दाबून धरलेलं एकदम वर आलं.

"सोनू, आयक बाई... तुह्या मायले मी येऊ नको म्हनलोच नाई. ये म्हनलो. बिनधास्त ये म्हनलो. मी इथं नव्हतो त्या दिवशी, पुसदले होतो... अंथरुनात होतो. काई मोजलं नव्हतं. मंग साहेबाले खोटं सांगतलं. तिनं हट्ट नाई केला. माह्यंच आयकलं तिनं..."

तो रडत होता की नाही हे त्याला कळत नव्हतं. फोन कानाला लागलेला, कान ओला. पलीकडे कोणी श्वास घेत असल्याचंही ऐकू येत नव्हतं.

मग तो आवाज हळू म्हणाला, "हे सोनूच्या बाबाले सांगा."

फोन बंद झाला.

हरिसिंग उठला. नोंदवही उघडून त्याने जुन्या यंत्राच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: २१२.४. खाली सही केली, वेळ घातली. मग गाडी काढून तो पिंपळदरीच्या वाटेला लागला. अर्ध्या उतारावर त्याने एकाएकी गाडी थांबवली. हे सोनूच्या बाबाले सांगा. सोनू असती तर माझ्या बाबांना सांगा म्हणाली असती.

तो तिथे किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. परत फिरायची वाट मोकळी होती. पण परत जाऊन बसायचं कुठे, तर त्याच कुंपणापाशी. त्याने गाडी पुढे घेतली.

*

बापूजीच्या अंगणात सोनू पायरीवर बसली होती. तिचे केस कोरडे होते, ओढणी कोरडी होती, आणि कमरेपासून खाली ती चिंब भिजलेली. पायांवर लाल गाळ. बापूजी टॉवेल हातात घेऊन नुसता उभा.

"हरिसिंगभाऊ, पाहा बरं इच्याकडे. मी इचारतो पानी कुठलं, तं म्हनते नाल्याचं. नाला तं कोरडा ठन्न हाय!"

"कोरडाच होता, बाबा. मी खोटं कायले बोलू?" सोनूचे दात वाजत होते. "रपट्याच्या मधात गेली अन् एकदम थंड लागलं. खाली पाह्यलं तं कपडे वले. काई दिसे ना, पन जोर होता... पान्याचा जोर. मी पडत होती. तेवढ्यात मांगून कोनीतरी माह्यं मनगट धरलं अन् ओढत ओढत काठावर आनलं."

तिने हात पुढे केला. मनगटाभोवती लालसर वळ होते, बारीक बोटांचे.

"तू मले फोन केला होता?" हरिसिंगने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"कुठून करू, काका? रात्रीपासून मोबाइल बंद पडला. म्हनलं आभाळ तं साफ हाय, जाऊ तसंच."

अंगणात ऊन सांडलं होतं. कोपऱ्यात कोंबडी मातीत पंख घोळत होती. हरिसिंग पायरीखाली, बापूजीच्या पायांजवळ बसला आणि त्याने सगळं सांगितलं. अंथरूण सांगितलं, खिडकीतली भुरभुर सांगितली, चार-पाच मिलिमीटर सांगितलं. साहेबासमोर बोललेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सारवलं नाही. सांगताना तो बापूजीच्या तोंडाकडे पाहू शकला नाही, त्याच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहत राहिला.

बापूजी ओरडला नाही.  मग टॉवेल खांद्यावर टाकून घरात गेला. आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भिंतीवरची तसबीर काढून तो बाहेर आला आणि धोतराच्या सोग्याने तिच्या काचेवरची धूळ पुसू लागला. धुळीचा जाड थर होता.

"तीन वर्सांत मी इले एक हार नाई घातला, भाऊ," तो म्हणाला. "पोरगी घालू दे म्हने तं तिलेबी घालू नाई देल्ला. तुमी दोनदा नको म्हनलं, तरी आपल्या हट्टानं गेली म्हून..." त्याचा आवाज चिरला. "इनं तं तुमचंच आयकलं."

"बापूजी, मले मारा. काईबी करा."

"जा तुमी."

"बापूजी..."

"जा. आता पोळ्याले मी येनार नाई."

 सोनू आईच्या तसबिरीकडे पाहत होती, आणि तिचा हात आपल्याच मनगटावर होता.

*

हरिसिंगने त्याच आठवड्यात साहेबांना लेखी दिलं. चौकशी पुन्हा उघडली. त्याला कामावरून बाजूला केलं आणि तो पुसदला बसंतीबाईकडे आला. तिनेही पहिले चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी न बोलताच ताट वाढलं. समीक्षा जुनं सामान न्यायला आली तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं, "काका, शेवटच्या दिवशी २१२.४ का लिहिलंत?" तो म्हणाला, "तेवढं होतं म्हून." तिने ती ओळ लाल शाईने खोडली की ठेवली, हे त्याला कधी कळलं नाही.

पाऊस पुढच्याच आठवड्यात आला. सगळीकडे येतो तसा, सरळ, आभाळातून. हरिसिंगची झोपही हळूहळू परत आली. गावात मैनाबाईचं नाव आता वेगळ्या सुरात घेतलं जात होतं, हे त्याच्या कानावर आलं. जे करायला हवं होतं ते आपण केलं, असं तो मनाला समजावू लागला होता.

राखीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, सोनू दारात उभी राहिली. एकटीच. बसंतीबाईने तिला आत घेतलं आणि चहा ठेवायला गेली. हरिसिंग अवघडून खुर्चीत बसला. 

"मी भांडाले नाई आली, काका," सोनू म्हणाली. "एक इचारायचं होतं. त्या दिवशी बाबासमोर मी अर्धंच सांगतलं."

"अर्धं म्हंजे?"

"मनगट धरलं तो हात मी वळखला. मायचाच होता. तिचं बोट भाजलेलं होतं, चुलीवर... ते लागलं मले. त्याचे वळ दोन दिवसांत गेले." ती थांबली. स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता. "पन ती मले मांगं ओढत होती तवा खालून कोनीतरी पाय धरला होता. ती सोडे ना... अन् ते बी सोडे ना. पान्याच्या खाली ओढत होतं मले. लय जोर होता त्याले."

तिने वाकून सलवारीची कड वर केली. उजव्या घोट्याभोवती काळेनिळे वळ होते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. दोन महिने होत आले होते, पण कातडी आत्ताच कुणी सोडल्यासारखी दबलेली. आणि ओली. फरशीवर तिच्या पायाखाली बारीकसा ओलावा उतरला होता.

"पुसतो तं पुन्हा येते," ती म्हणाली. "इथल्या डाक्टरले दाखवलं. तो म्हने, मानसाचाच पंजा हाय. मोठ्या मानसाचा. उजव्या हाताचा."

हरिसिंग फरशीवरच्या ओलाव्याकडे पाहत राहिला.

"मायले ज्यानं पान्यात धाडलं त्याच्याशिवाय मले दुसऱ्या कोनावर संशय नाई, काका. मी नुसतं पाहून जातो." तिचा आवाज अगदी खाली आला. "तुमचा हात दाखवा जरा."

बसंतीबाई चहा घेऊन आली. हरिसिंगने कप डाव्या हाताने घेतला. उजवा त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि खिशाचं कापड आतून हळूहळू ओलं होत चाललं होतं.